बालीला पहिल्यांदा जाताना: आधी डोंगर कुठे ते बघा

पहिल्या खेपेला आम्ही बालीत सातही रात्री एकाच हॉटेलात काढल्या. हॉटेल कुटाला, समुद्रापासून चार पावलांवर, पैसे आधीच भरलेले. बेट केवढं, तर गोव्याच्या दीडपट. कुठूनही कुठेही तासाभरात पोचू असा आमचा हिशेब. प्रत्यक्षात समुद्रात पाय बुडवले दोनदा आणि गाडीत बसलो रोज पाच-पाच तास. चौथ्या दिवशी वैतागून गाडीवाल्याला विचारलं, "उबुद इथून उत्तरेलाच ना?" तो म्हणाला, "काजा." मी पुन्हा उत्तर म्हटलं, तो पुन्हा काजा म्हणाला. मग त्याने हाताने दाखवलं, ढगात बुडालेला डोंगर.

काजा म्हणजे डोंगराकडे आणि केलोद म्हणजे समुद्राकडे. बालीचा माणूस दिशा सांगतो ती अशी. कोकणातला माणूस 'पूर्वेला गेलो' म्हणत नाही, 'घाटावर गेलो' म्हणतो, तसंच. गंमत म्हणजे बेटाच्या दक्षिणेला काजा म्हणजे उत्तर आणि डोंगर ओलांडून उत्तर किनाऱ्यावरच्या सिंगराजाला गेलात की काजा म्हणजे दक्षिण. देवघर काजाकडे, स्वयंपाकघर केलोदकडे, झोपताना उशी काजाकडे. हे एकदा डोक्यात बसलं की बालीची सहल आखणं सोपं होतं. पुढच्या पायऱ्या त्याच क्रमाने लिहिल्यात.

पायरी १: नकाशा उघडा, पण अंतर मोजू नका

बाली हा इंडोनेशियाचा एक प्रांत. १९५८ साली तो स्वतंत्र प्रांत झाला, राजधानी देनपसार. क्षेत्रफळ साडेपाच हजार चौरस किलोमीटरच्या आसपास, म्हणजे आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्याहून थोडं जास्त. पण सिंधुदुर्गात साडेआठ लाख माणसं, तर इथे ४३ लाख, आणि वर पर्यटक. आठ जिल्हे आणि देनपसार शहर अशी विभागणी आहे. विषुववृत्ताच्या जेमतेम आठ अंश खाली असल्यामुळे दिवस-रात्र वर्षभर जवळजवळ सारखेच. सूर्य सहा ते पावणेसातच्या दरम्यान मावळतो आणि मग झटकन अंधार होतो. "संध्याकाळी सातला पोचून फोटो काढू" हे बालीत चालत नाही.

बेटाची मधली पट्टी ज्वालामुखींची आहे. पूर्वेला आगुंग, ३,०३१ मीटर, बालीतला सर्वांत उंच आणि सर्वांत पवित्र. त्याच्या शेजारी बातुर, १,७१७ मीटर, म्हणजे कळसूबाईपेक्षा थोडासाच उंच. पश्चिमेकडे बातुकारु. दक्षिण उतारावरच्या सगळ्या नद्या डोंगरातून समुद्राकडे सरळ खाली येतात आणि राखेच्या मऊ जमिनीत खोल घळी कापत जातात. गावं आणि रस्ते दोन घळींच्या मधल्या सोंडेवर. त्यामुळे वर-खाली, म्हणजे काजा-केलोद, जाणं त्यातल्या त्यात सरळ. आडवं जायचं म्हटलं की बऱ्याचदा खाली उतरा, पूल ओलांडा, पुन्हा वर चढा. नकाशावर आठ किलोमीटर दिसणारं गाव पाऊण तासावर निघतं ते यामुळे. विमानतळ ते उबुद ३५-३७ किलोमीटर आहे, दीड तास धरा. संध्याकाळी निघालात तर दोन.

पायरी २: महिना ठरवा

आपल्याकडे पावसाळा असतो तेव्हा बालीत कोरडा मोसम असतो. एप्रिल ते ऑक्टोबर उघडीप, नोव्हेंबर ते मार्च पाऊस. मे महिन्याच्या सुट्टीत जाणाऱ्यांचं नशीब चांगलं: हवा कोरडी आणि जुलै-ऑगस्टची गर्दी अजून आलेली नाही. दिवाळीच्या सुट्टीत पाऊस दारात येऊन उभा असतो, पण सहसा दुपारी सर येऊन जाते. नाताळ-नववर्षाचा आठवडा मी तरी टाळीन. पाऊसही असतो, गर्दीही असते, भाडीही चढलेली असतात, आणि पश्चिम किनाऱ्यावर त्या महिन्यांत लाटांबरोबर प्लास्टिकचा कचरा येऊन पडतो. जाहिरातीतला कुटाचा किनारा जानेवारीत ओळखूही येत नाही.

एक दिवस मात्र कॅलेंडरात लाल खूण करून ठेवा: न्येपी. बालीत शकाचं नवं वर्ष सुरू होतं तो दिवस. आपला शालिवाहन शक आणि तिथला शक आकड्याने एकच, २०२६ च्या मार्चमध्ये दोन्हीकडे १९४८ लागतं, आणि त्या वर्षी गुढीपाडवा आणि न्येपी एकाच दिवशी, १९ मार्चला आहेत. अधिक महिन्यांच्या हिशेबामुळे काही वर्षी दोघांत महिन्याचं अंतर पडतं. आपण पाडव्याला गुढी उभारून श्रीखंड खातो, ते दिवसभर मौन पाळतात. दिवे नाहीत, चूल नाही, रस्त्यावर माणूस नाही, विमानतळसुद्धा २४ तास बंद. पर्यटकालाही हॉटेलच्या आवाराबाहेर पडता येत नाही. गावचे पेचालांग, म्हणजे पारंपरिक रक्षक, फिरून बघत असतात. आदल्या रात्री ओगोह-ओगोह नावाच्या अक्राळविक्राळ राक्षसांच्या मिरवणुका निघतात. त्या बघायच्या असतील तर मुद्दाम तेव्हा जा, पण येण्या-जाण्याचं तिकीट त्या तारखेचं चुकूनही काढू नका.

गालुंगान हा दुसरा मोठा सण २१० दिवसांच्या पंचांगाने येतो, म्हणून तारीख दर वर्षी बदलते. तेव्हा प्रत्येक घरापुढे पेंजोर उभा असतो: उंच, टोकाशी वाकलेला, नारळाच्या झावळ्यांनी सजवलेला बांबू. आपल्याला गुढीची आठवण येतेच.

पायरी ३: एक नाही, दोन मुक्काम. जमलं तर तीन

आमची पहिली चूक इथे झाली होती. विमानतळ दक्षिणेला, बेटाच्या चिंचोळ्या कमरेपाशी आहे. उतरल्यावर समुद्र समोर दिसतो म्हणून लोक तिथेच थांबतात आणि मग रोज डोंगर चढतात-उतरतात. माझा सल्ला उलटा आहे. उतरल्या उतरल्या काजा, थेट वर. शेवटचे दिवस केलोद, समुद्राशी. परतीचं विमान तिथूनच आहे, आणि हिंडून दमलेल्या अंगाला शेवटी वाळूवर लोळायला मिळतं.

वरचा मुक्काम बहुतेकांचा उबुद. गाव आता फार वाढलंय, दुपारी मुख्य रस्त्यावर चालणारा गाडीवाल्याच्या पुढे निघून जातो. म्हणून अगदी मध्यात न राहता दोन-तीन किलोमीटर बाहेर, भाताच्या खाचरात राहा. मधला मुक्काम हवा असेल तर दोन नावं: पूर्वेला सिदेमेन, आगुंगच्या पायथ्याची शांत खोरी; किंवा उत्तरेकडे मुंडुक, कॉफी-लवंगांच्या बागा आणि धबधबे. मुंडुकला रात्री स्वेटर लागतो, हे आपल्या डोक्यात येत नाही.

खालच्या मुक्कामाला पर्याय बरेच आहेत. आई-वडील किंवा आजी-आजोबा बरोबर असतील तर सानुर. किनारा पूर्वेला, समोर प्रवाळाची भिंत, त्यामुळे पाणी संथ. कडेने लांबलचक सपाट फरसबंद वाट आणि सकाळी सूर्योदय. तरुण मंडळींना चांगू-सेमिन्याक आवडतं: कॅफे, सर्फिंग, पश्चिमेचा सूर्यास्त आणि भयंकर ट्रॅफिक. तिथला समुद्र खेचणारा आहे, लाल बावटा दिसला की पाण्यात उतरू नका, गुडघाभरसुद्धा नाही. नुसा दुआ म्हणजे आखीव-रेखीव रिसॉर्टची वसाहत. आरामाला उत्तम, बाली बघायला नाही. कुटा एकेकाळी स्वस्त होतं म्हणून प्रसिद्ध झालं. आज तिथे राहण्याचं कारण मला सापडत नाही.

नऊ रात्री हाताशी असतील तर उबुद ४, मुंडुक किंवा सिदेमेन २, सानुर ३. पाचच असतील तर उबुद ३, सानुर २ आणि यादी निम्म्याने कापा.

पायरी ४: कागद आणि पैसे

भारतीय पासपोर्टवर पोचल्यावर व्हिसा मिळतो, आधी ऑनलाइनही काढता येतो. शुल्क ५ लाख रुपिया, मुदत ३० दिवस, एकदा आणखी ३० दिवस वाढवता येते. पासपोर्टला सहा महिने शिल्लक हवेत आणि परतीचं तिकीट हाताशी हवं. शिवाय फेब्रुवारी २०२४ पासून बाली प्रांत प्रत्येक परदेशी पाहुण्याकडून दीड लाख रुपिया वेगळा कर घेतो, तो घरूनच भरता येतो. आगमनाचा फॉर्मही ऑनलाइन असतो. नियम बदलत राहतात, तेव्हा तिकीट काढताना एकदा आणि निघायच्या आठवड्यात एकदा सरकारी संकेतस्थळ बघा. गूगलमध्ये वर येणारी बरीच संकेतस्थळं दलालांची असतात, ती दुप्पट पैसे घेतात.

लाखांनी घाबरू नका. एक लाख रुपिया म्हणजे आपले साधारण पाच-साडेपाचशे रुपये. शेवटची तीन शून्यं झाका आणि उरलेल्याला पाचने गुणा, खिशाला पुरेसा अंदाज येतो. लाखाची नोट लाल, पन्नास हजारांची निळी. अंधारात दहा हजार आणि लाख यांची गल्लत होते, म्हणून मोठ्या नोटा पाकिटाच्या वेगळ्या कप्प्यात ठेवा. पैसे बदलताना बाहेर लिहिलेला दर सगळ्यांपेक्षा जास्त दिसला की समजा, कुठेतरी पाणी मुरतंय. कपड्याच्या दुकानाच्या कोपऱ्यात टेबल टाकून बसलेला माणूस नोटा तुमच्यासमोर मोजतो, आणि शेवटच्या क्षणी दोन-चार टेबलामागे सरकतात. अधिकृत दुकानात जा, शेवटची मोजणी तुमच्या हातची असू द्या, त्यानंतर गठ्ठा परत देऊ नका. एटीएममध्ये तिथे बऱ्याचदा आधी पैसे येतात, कार्ड नंतर. पैसे घेऊन निघून गेलेले आणि कार्ड गमावलेले लोक मी पाहिलेत. त्यातला एक आमच्याच घरातला.

घड्याळ अडीच तास पुढे करा.

पायरी ५: चाकं

गाड्या आपल्यासारख्याच डाव्या बाजूने चालतात, त्यामुळे हात शिवशिवतात: घेऊ या स्कूटर! घ्या, पण दुचाकीचा शिक्का असलेला आंतरराष्ट्रीय परवाना घरून काढून न्या. नुसतं भारतीय लायसन्स चालत नाही. पोलिसांचा दंड एक वेळ परवडेल, पण अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते. पुण्यात चालवतो म्हणजे कुठेही चालवू, हा गैरसमज आहे. तिथले उतार, ओले वळणरस्ते आणि कुठूनही येणारे कुत्रे हा वेगळा प्रकार आहे.

कुटुंबासाठी दिवसभराची गाडी चालकासकट ठरवणं सर्वांत सोयीचं. दहा तासांचे पैसे ठरतात, पेट्रोल आणि पार्किंग त्यात धरलंय का ते आधी विचारा. दुकानं आणि कॉफीचे मळे यांत कमिशन असतं, हे गृहीत धरा आणि नको असेल तर पहिल्याच दिवशी हसून सांगून टाका. ग्रॅब आणि गोजेक ही अॅप दक्षिणेत छान चालतात. उबुदच्या बाहेर, डोंगरात आणि काही गावांत स्थानिक गाडीवाले त्यांना प्रवासी घेऊ देत नाहीत, तेव्हा परतीची सोय आधी करा.

चालकाशी बोलताना पुरुषाला 'ब्ली' म्हणा, म्हणजे दादा. बाईला 'म्बोक', म्हणजे ताई. नाव बहुधा वायान, मादे, न्योमान किंवा केतुत निघेल. पहिलं, दुसरं, तिसरं, चौथं अपत्य अशी ती नावं; पाचव्याला पुन्हा वायान. आभार मानायचे तर 'सुक्स्मा', आपला सूक्ष्म. आणि नमस्काराला 'ओम स्वस्त्यस्तु'. हे म्हटल्यावर समोरच्याचा चेहरा कसा उजळतो, ते तुम्हीच बघा.

पायरी ६: पाण्याच्या मागे मागे फिरा

ठिकाणांची यादी फोनवर कुणीही पाठवेल. शंभर नावं असतात आणि सगळी एका दिवसात मावतात असं त्यात लिहिलेलं असतं. मी वेगळा क्रम सांगतो: डोंगरावर पडलेलं पाणी समुद्राला मिळेपर्यंत ज्या वाटेने जातं, त्या वाटेने फिरा.

पाणी साठतं वर, ज्वालामुखींच्या जुन्या मुखांत. बातुर हे बेटावरचं सर्वांत मोठं तळं. पेनेलोकानच्या कठड्यावर उभं राहिलं की खाली काळ्या लाव्हाचे पट्टे, पलीकडे निळं तळं आणि मध्ये बातुरचा सुळका. हे दृश्य ढग यायच्या आत, सकाळी दहापर्यंतच बघा. सूर्योदयाला बातुर चढायचा असेल तर उबुदहून रात्री दोनच्या सुमारास निघावं लागतं, वाटाड्या घेऊन दोनेक तासांची चढण. सह्याद्रीत हिंडणाऱ्याला कठीण नाही, पण वाळूसारखी राख पायाखाली सरकते, उतरताना बूट चांगले हवेत. माथ्यावर गर्दी इतकी असते की एकांताची अपेक्षा गाडीतच सोडा. पश्चिमेकडची तीन तळी, ब्रातान, बुयान आणि ताम्बलिंगान, हिरवीगार आणि थंड. ब्रातानच्या काठावरचं उलुन दानु मंदिर पन्नास हजारांच्या नोटेवर छापलेलं असायचं. तिथली देवी दानु म्हणजे तळ्याची, पाण्याची देवता.

या तळ्यांना बाहेर पडणारी नदी नाही. पाणी जमिनीत मुरतं आणि खाली झऱ्यांतून उगवतं. असाच एक झरा ताम्पाकसिरिंगजवळच्या तीर्ता एम्पुल मंदिरात आहे. तीर्ता म्हणजे तीर्थ. इसवी सन ९६२ मध्ये हे स्थान बांधल्याची नोंद आहे, म्हणजे आपल्याकडे शिलाहार राज्य करत होते त्या काळातलं. दगडी तोट्यांच्या रांगेत लोक डावीकडून एकेक तोटीखाली डोकं धरत जातात. त्यातल्या काही तोट्या मृतांच्या विधीसाठी राखीव आहेत, त्या सोडायच्या. पाहुण्यांनाही स्नान करता येतं, वेगळं हिरवं वस्त्र देतात. पण फोटोसाठी रांग अडवू नका, तुमच्या मागे उभी असलेली बाई खरीच पूजेला आलेली असते. जवळच गुनुंग कावी: घळीच्या दोन्ही भिंतींत कोरलेली अकराव्या शतकातली उंच देवळं. वेरूळ-अजिंठ्याच्या माणसाला कोरीवकामाचं नवल कमी, घळीचं जास्त. पायऱ्या तीनशेच्या आसपास, गुडघे विचारून जा. गोआ गजह हे नाव वाचून आपण दचकतो. 'गोआ' म्हणजे तिथे गुहा. हत्तीची गुहा.

झऱ्यांचं पाणी मग खाचरांत येतं, आणि इथे थोडं थांबायला हवं, कारण मला बालीत सर्वांत आवडलेली गोष्ट ही आहे. पाणी वाटायची तिथली व्यवस्था म्हणजे सुबाक. एका बंधाऱ्याखालचे सगळे शेतकरी एका सुबाकचे सभासद. कुणी कधी लावणी करायची, कुणी कधी शेत पडीक ठेवायचं, हे पाण्याच्या देवळात बसून ठरतं. सगळ्यांनी एकदम पडीक ठेवलं की किडीला खायला काही उरत नाही. सत्तरच्या दशकात सरकारी धोरणाने वर्षात जास्तीत जास्त पिकं घ्यायला लावली, वेळापत्रक मोडलं आणि किडीने धुमाकूळ घातला. मग पुन्हा देवळाचं ऐकायची वेळ आली. धुळ्याकडच्या पांझरा खोऱ्यातली फड पद्धत माहीत असलेल्याला हे ओळखीचं वाटेल. तिथे पाण्याचं बघणारा पाटकरी, इथे पेकासेह. २०१२ साली युनेस्कोने सुबाकला जागतिक वारशात घेतलं.

बघायचं कुठे? सगळे तेगल्लालांगला जातात, उबुदच्या जवळ आहे म्हणून. सुंदर आहे, पण आता तिथे भातापेक्षा झोपाळे जास्त, आणि प्रत्येक झोपाळ्याचं तिकीट. त्यापेक्षा बातुकारुच्या उतारावरचं जातिलुविह गाठा. मैलभर पसरलेल्या पायऱ्या आहेत, बांधावरून चालायच्या आखलेल्या वाटा आहेत. जाण्याआधी हॉटेलात विचारा, सध्या भात उभा आहे की कापलाय. कापणीनंतर नुसता पेंढा दिसतो आणि माणसं उगाच नाराज होतात.

पूर्वेला आगुंग. त्याच्या अंगावर बेसाकिह, बालीचं मातृमंदिर. १९६३ साली तिथे एक दासा रुद्र, म्हणजे एकादशरुद्राचा शतकातून एकदा होणारा विधी चालू असतानाच आगुंगचा स्फोट झाला. हजाराहून जास्त माणसं गेली. लाव्हा मंदिराच्या बाजूने वाहून गेला. डोंगराचा माथाही तेव्हा उतरला, आधी उंची ३,१४२ मीटर होती. तो विधी पुढे १९७९ मध्ये, शके १९०० संपताना, पुन्हा पूर्ण केला गेला. २०१७ ला आगुंग परत जागा झाला तेव्हा विमानतळ बंद पडून हजारो प्रवासी अडकले होते. म्हणून प्रवास विम्यात ज्वालामुखी धरलाय का, हे एकदा वाचून घ्या.

त्याच भागात तीर्ता गंगा, करंगासेमच्या राजाचा जलमहाल, माशांच्या तळ्यात दगडी टप्प्यांवरून चालायला मुलांना फार आवडतो. लेंपुयांग मंदिराचं 'स्वर्गाचं दार' मात्र मी गाळायला सांगीन. फोटोत दारापुढे जे तळं दिसतं ते नाहीच, मोबाइलखाली आरसा धरून ते प्रतिबिंब पाडतात, आणि त्यासाठी दोन-तीन तासांची रांग. त्या वेळात तेंगानान गावी जा. तिथे ताणा आणि बाणा दोन्ही आधी रंगवून गेरिंगसिंग नावाचं कापड विणतात. आपल्याकडे पाटणचा पटोळा असाच विणला जातो. जगात हे काम फार थोड्या ठिकाणी होतं. पोहता येणाऱ्यांनी तुलांबेनला मुक्काम करावा: १९४२ मध्ये पाणतीराने फुटलेलं लिबर्टी हे अमेरिकी जहाज किनाऱ्यावर पडून होतं, ते १९६३ च्या उत्पातात पाण्यात सरकलं. आता ते किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर, माशांनी भरलेलं.

दक्षिणेचं बुकित हे निराळंच. चुनखडीचा कोरडा पठार-तुकडा, भात नाही, कडे आणि खाली पांढऱ्या वाळूच्या लहान पुळणी. तिथल्या कड्यावरचं उलुवातु मंदिर आणि सूर्यास्ताला होणारं केचाक नृत्य. वाद्य एकही नाही. पन्नास-साठ पुरुष गोल बसून 'चाक-चाक-चाक' असा घोष करतात आणि मध्ये रामायण घडतं. हनुमान येतो तेव्हा आपली मुलं उभी राहून ओरडतात. आधी दुपारी चष्मा, टोपी, कानातले डूल काढून पिशवीत टाका. तिथली माकडं चोर आहेत, आणि खाऊ दिल्याशिवाय वस्तू परत देत नाहीत. ताना लोटलाही सूर्यास्ताला झुंबड असते. खडकावरच्या देवळापर्यंत ओहोटीतच चालत जाता येतं, भरतीची वेळ बघून जा.

नुसा पेनिदा हे शेजारचं बेट सानुरहून बोटीने पाऊण तासावर. एका दिवसात उरकायचं म्हणून लोक जातात आणि खड्ड्यांच्या रस्त्यांवर कंबर मोडून परततात. एक रात्र राहा. केलिंगकिंगचा कडा वरूनच बघा. खाली उतरायची वाट उभी आहे आणि त्या पाण्यात माणसं बुडालेली आहेत.

पश्चिम बाली नवख्यांनी पहिल्या खेपेला सोडली तरी चालेल. राष्ट्रीय उद्यान आहे, पांढरीशुभ्र बाली मैना आहे, जावाला जाणारी गिलिमानुकची फेरी आहे. जेम्ब्रानातल्या रेड्यांच्या शर्यती बघायला मिळाल्या तर बैलगाडा शर्यतवाल्यांनी जरूर जावं.

पायरी ७: देवळात

सारोंग, म्हणजे लुंगीसारखं गुंडाळायचं वस्त्र, आणि कमरेला शेला बायकांनाही लागतो, पुरुषांनाही. बहुतेक ठिकाणी मिळतो. आम्ही एक सारोंग विकत घेतला, तो पुढे टॉवेल, चादर, पडदा असा सगळीकडे चालला. पाळी चालू असलेल्या बायकांनी आत येऊ नये असा तिथला नियम पाटीवर लिहिलेला असतो. पटो न पटो, दारात वाद घालण्यात अर्थ नाही.

मराठी माणूस गाभारा शोधतो. तो सापडत नाही. उघडी आवारं असतात, आणि सर्वांत आत उंच दगडी आसन, पद्मासन. रिकामं. देव अचिंत्य आहे, तो विधीच्या वेळी येऊन बसतो. "मूर्तीच नाही, हे कसलं हिंदू देऊळ," असं आमच्या ग्रुपमधले एक काका मोठ्याने म्हणाले होते. त्यांना कुणीतरी सांगायला हवं होतं. सर्वांत आतलं आवार पाहुण्यांना बहुधा बंद असतं. पुजाऱ्यापेक्षा उंच जागी उभं राहू नये.

रस्त्यावर, दुकानाच्या उंबऱ्यावर, कधी स्कूटरच्या सीटवरही नारळाच्या पानाचा छोटा द्रोण दिसेल: फुलं, तांदूळ, उदबत्ती. चानांग सारी. रोज सकाळी घरातल्या बायका तो ठेवतात. पाय लागला तर ओशाळू नका, पण मुलांना ओलांडून न जाता वळसा घालायला शिकवा.

पायरी ८: पोटाचं

बाली हिंदू म्हणून शाकाहारी असेल, असं समजून गेलेल्यांची उपासमार होते. डुकराचं मांस हा तिथला सणाचा पदार्थ आहे. तरीही शाकाहाऱ्याचं छान भागतं, कारण तेम्पे आणि ताहु, म्हणजे आंबवलेलं सोयाबीन आणि टोफू, प्रत्येक वारुंगमध्ये असतात. वारुंग म्हणजे खानावळ. अडचण तेरासीची: सुक्या कोळंबीची ती पेस्ट सांबालमध्ये, म्हणजे ठेच्यात, हमखास असते आणि दिसत नाही. हे पाठ करा: 'तान्पा दागिंग, तान्पा इकान, तान्पा तेलुर, तान्पा तेरासी'. मांस नको, मासे नकोत, अंडं नको, तेरासी नको. जैन जेवण हवं असेल तर उबुद आणि दक्षिणेत भारतीय हॉटेलं पुष्कळ आहेत.

गोडात क्लेपोन खाऊन बघा. तांदळाच्या पिठाची उकडलेली गोळी, वरून ओलं खोबरं, चावली की आत ताडगुळाचा पाक फुटतो. आकार सोडला तर उकडीच्या मोदकाची मावसबहीण. नळाचं पाणी पिऊ नका. सुटी, घरगुती आराक दारू तर मुळीच नको, मिथेनॉलने माणसं दगावल्याच्या घटना झालेल्या आहेत.

शेवटच्या दिवशी विमानाच्या चार तास आधी निघा, सानुरहूनसुद्धा. विमानतळ त्या चिंचोळ्या कमरेत आहे आणि सगळं दक्षिण बाली त्याच रस्त्यांवर असतं. विमानतळाच्या तोंडाशी गाडी हमखास रखडते. तिथे चौकात पांढराशुभ्र प्रचंड पुतळा आहे: उधळलेले घोडे, कर्णाचा रथ आणि वरून झेप घेणारा घटोत्कच. मुलांना त्याची गोष्ट पूर्ण सांगून होईल, इतका वेळ तिथे मिळतो.